परत येणारे कोण? काका की साप?



आपल्या खेड्यापाड्यांतील घरांतून हल्ली एक परका शब्द नित्य कानी पडू लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘स्पॉटिंग एरर्स’. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी प्रश्नसंच घेऊन सोप्यात बसते आणि वाक्यात चूक कोठे आहे ते शोधीत राहते. परीक्षा कर्मचारी निवड आयोगाची असो, बँकेची असो की लष्कराची, इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ही चुकांची पारध ठरलेलीच. या पारधीत मराठी शाळांतून शिकलेली आपली मुले एका ठराविक जागी हमखास अडखळतात, असे मला संध्याकाळच्या अभ्यासवर्गात वर्षानुवर्षे दिसून आले आहे. ती जागा कोणती आणि मुले नेमकी तेथेच का अडखळतात, याविषयी आज थोडे लिहावेसे वाटते. ज्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले अशा आईवडिलांनीही हा लेख बाजूस सारू नये. कारण या गाठीची अर्धी उकल त्यांच्याच रोजच्या बोलण्यात आहे.

प्रथम ते वाक्यच पाहू. ‘रिटर्निंग फ्रॉम द फील्ड, अ स्नेक बिट माय अंकल.’ मराठीत याचा अर्थ सरळ लागतो : शेतातून परत येताना माझ्या काकांना साप चावला. यात चूक ती कोणती? आपल्याकडे असे वाक्य कोणीही बोलेल आणि ऐकणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका येणार नाही. तथापि परीक्षक म्हणतो, वाक्य चुकीचे आहे. इंग्रजी वाचणाऱ्याच्या दृष्टीने शेतातून परत येत होता तो साप. काकांचा परत येण्याशी काही संबंधच उरला नाही!

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याची मुलगी याच वाक्याशी तीन दिवस झगडत होती. तिला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा द्यावयाची आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे लष्कराची ओढ आपल्या भागास जुनीच. पण प्रबोधिनीचे दार मुलींस उघडले ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी तेथे दाखल झाली आणि मे 2025 मध्ये त्यांपैकी 17 जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. ही बातमी वाचून आमच्या मुलीने उचल खाल्ली. त्या लेखी परीक्षेचे एकंदर गुण 900, आणि त्यांपैकी 200 एकट्या इंग्रजीचे. शिवाय उत्तर चुकले की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. तेव्हा अंदाजाने खूण करावी तर तेही अंगलट येणार.

मुलगी हुशार. शब्दार्थ, काळ, शब्दयोगी अव्यये यांत तिचे क्वचितच चुके. परंतु असले वाक्य आले की ती ‘चूक नाही’ या पर्यायावर निःशंकपणे खूण करी. मला म्हणाली, “फादर, हे वाक्य बरोबरच आहे की! पुस्तकाचंच उत्तर चुकलं असेल.” तिचे वडील दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, “राहू दे फादर, इंग्रजी आपल्या रक्तात नाही. भात लावायला तरी मदत होईल तिची.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती; आणि म्हणूनच मला ते अधिक लागले. मुलगी चुकत होती ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. तिला आपली मराठी उत्तम येत होती आणि मराठीचा न्याय ती परक्या घरात लावीत होती, एवढेच.

हा न्याय कोणता, ते समजून घेऊ. धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ. त्यापासून जो शब्द साधला जातो त्यास आपल्या व्याकरणात धातुसाधित म्हणतात. ‘येणारा’, ‘आलेला’, ‘येताना’, ‘येऊन’ ही सारी ‘ये’ या धातूची लेकरे. इंग्रजीतील पार्टिसिपल हे याच जातीचे. त्या नावाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ वाटेकरी असा आहे; कारण हा शब्द थोडा क्रियापदाचा वाटा घेतो आणि थोडा विशेषणाचा. वाटेकरी म्हटला की त्याचा संबंध कोणाशी, हा प्रश्न आलाच. भावकीच्या जमिनीत ज्या प्रश्नावरून भांडणे होतात, तोच प्रश्न येथेही आहे.

मराठीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रत्यय देतो. ‘दूध देणारी गाय त्याने शेजाऱ्याला विकली’ असे आपण म्हणतो. ‘देणारी’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तो गायीचा. शेजाऱ्यास लावावयाचा तर ‘देणाऱ्या’ म्हणावे लागले असते. जनावराच्या कानास बिल्ला असावा, तसा शब्दाच्या शेवटी मालकाचा बिल्ला असतो. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तेथेही असेच : लिंग, वचन आणि विभक्ती यांचे प्रत्यय जुळले की धातुसाधित कोणाचे ते कळते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही धातुसाधितांना असे प्रत्यय लागत; पुढे ते झिजून गेले. बिल्ला गेला तेव्हा मालक ओळखण्यास एकच खूण उरली, ती म्हणजे जागा. शब्द ज्याच्या शेजारी उभा, त्याचा तो. म्हणूनच ‘ही सोल्ड द काऊ टु हिज नेबर गिव्हिंग मिल्क’ असे कोणी लिहिले, तर इंग्रजीत दूध देणारा शेजारीच होतो! ‘गिव्हिंग मिल्क’ हे शब्द गायीच्या लगत आणून ठेवले की वाक्य ताळ्यावर येते.

आता सापाकडे वळू. इंग्रजीचा दंडक असा की, वाक्याच्या आरंभी धातुसाधिताचा तुकडा आला आणि त्यापुढे स्वल्पविराम आला, तर त्या तुकड्यातील क्रिया मुख्य वाक्याच्या कर्त्यानेच केलेली असली पाहिजे. स्वल्पविरामानंतर ‘स्नेक’ कर्ता होऊन बसला, म्हणून परत येणाराही तोच. मराठीचे ‘ताना’ एवढे कडक नाही. ‘परत येताना काकांना साप चावला’ यात परत येणारे काका, हे आपण अर्थावरून जाणतो. वाक्याचा कर्ता साप असला तरी आपले अडत नाही. वाक्य दुरुस्त करावयाचे तर काकांस कर्त्याच्या जागी बसवावे : ‘रिटर्निंग फ्रॉम द फील्ड, माय अंकल वॉज बिटन बाय अ स्नेक.’ किंवा तो तुकडाच मोडून त्याचे स्वतंत्र उपवाक्य करावे : ‘व्हाइल माय अंकल वॉज रिटर्निंग फ्रॉम द फील्ड, अ स्नेक बिट हिम.’

दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा, हा विचार आपणांस नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत हाच नियम आहे. दोन क्रियांचा कर्ता एक असेल, तेव्हा त्यांपैकी आधी घडलेली क्रिया सांगणाऱ्या धातूस ‘त्वा’ लागून ‘गत्वा’, ‘श्रुत्वा’ अशी रूपे होतात. आपले ‘जाऊन’, ‘ऐकून’ हे त्याच कामाचे. त्यातील ‘ऊन’ महाराष्ट्री प्राकृतातून आपणांकडे आले. ‘आई घरी जाऊन जेवली’ म्हटले की जाणारी आणि जेवणारी एकच, हे शेंबड्या पोरासही कळते. म्हणून मी मुलांस सांगतो की, इंग्रजी वाक्याच्या आरंभीचा ‘इंग’ दिसला की ‘ताना’ची सैल फूटपट्टी लावू नका, ‘ऊन’ची लावा.

पण तेथेही एक खाच आहे. मराठीत सुखदुःख आपल्याकडे चालत येते. ‘बातमी ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आले’ हे आपले निर्दोष वाक्य. ते शब्दशः इंग्रजीत नेले तर ‘हिअरिंग द न्यूज, टिअर्स केम टु मदर्स आइज’ असे होते, आणि बातमी ऐकणारे अश्रूच ठरतात. ‘आनंद झाला’, ‘भूक लागली’, ‘आठवण आली’ या साऱ्यांत माणूस कर्त्याच्या खुर्चीवर नसतो. ‘मला’, ‘आईला’ असा बाजूस उभा असतो. इंग्रजी लिहिताना त्यास हात धरून खुर्चीवर बसवावे लागते : ‘हिअरिंग द न्यूज, मदर वेप्ट.’

परीक्षकांच्या विशेष आवडीचा आणखी एक सापळा सांगतो. ‘बीइंग अ हॉलिडे, वी डिड नॉट गो टु स्कूल.’ सुट्टी असल्याने आम्ही शाळेत गेलो नाही. मराठीत ‘असणे’ सुट्टीचे आहे आणि ‘न जाणे’ आमचे. इंग्रजी वाक्यात मात्र ‘बीइंग’ला दुसरा धनी न दिल्यामुळे तो ‘वी’ला जाऊन चिकटतो, आणि आम्हीच सुट्टी होतो! आरंभी ‘इट’ घालून ‘इट बीइंग अ हॉलिडे’ म्हटले की दोष जातो. त्या तुकड्यास स्वतःचा कर्ता मिळाला, म्हणजे तो मुख्य वाक्याच्या कर्त्यावर अवलंबून राहत नाही. ‘द सन हॅविंग सेट, वी रिटर्न्ड होम’ हे याच कारणाने शुद्ध ठरते. संस्कृत शिकलेल्यांस येथे सतिसप्तमीची आठवण होईल. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ असे काही मोजके शब्द मात्र वापराने अव्ययेच बनले आहेत. त्यांस कर्ता विचारीत बसू नये.

राहिला ‘इंग’ आणि ‘एड’ यांतील भेद. करीत असलेला तो ‘इंग’. ज्यावर क्रिया झाली तो बहुधा ‘एड’, अथवा क्रियापदाचे तिसरे रूप. मराठीचे ‘लेला’ दोन्हीकडे चालते : ‘वाचलेले पुस्तक’ म्हणजे कोणीतरी वाचलेले, पण ‘जेवलेला माणूस’ म्हणजे स्वतः जेवलेला. या दुसऱ्याचे भाषांतर कोणी ‘द ईटन मॅन’ असे केले तर त्या बिचाऱ्यास वाघाने खाल्ले असे होईल! ‘फॉलन ट्री’ म्हणजे पडलेले झाड हे चालते, कारण पडणे ही क्रिया कोणी कोणावर करीत नाही. तसेच कंटाळा आला असता ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणणारा विद्यार्थी आपणच कंटाळवाणा असल्याचे सांगत असतो; त्याने ‘बोअर्ड’ म्हणावयास हवे.

परीक्षेच्या घाईत इतका विचार कसा व्हावा, असे कोणी विचारील. त्यासाठी मी मुलांस दोनच प्रश्न पाठ करावयास लावले आहेत. तुकडा दिसताच विचारावे, “कोण?” मग स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यावर बोट ठेवावे. उत्तर आणि बोट एकाच जागी आले तर ठीक. नाही आले तर चूक सापडली. दुसरा प्रश्न, “करणारा की सोसणारा?” त्यावरून ‘इंग’ की ‘एड’ ते ठरते. त्या मुलीने हे प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. पुढच्या सराव प्रश्नपत्रिकेत अशी पाच वाक्ये होती. पाचही तिने ओळखली, आणि प्रत्येकातली चूक वडिलांस मराठीत समजावून सांगितली. दूध देणाऱ्या शेजाऱ्यापाशी येताच ते गृहस्थ पोट धरून हसले. तिचा अभ्यास चालू आहे. भातलावणीच्या दिवसांतही सायंकाळचे दोन तास तिचे राहतील, असे त्यांनी आपणहून सांगितले.

‘इंग्रजी आपल्या रक्तात नाही’ असे म्हणणाऱ्यांस मी एका इंग्रजाचे उदाहरण देतो. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले. तेव्हा मराठी-कोंकणीचा एक शब्दही त्यांच्या कानावरून गेला नसेल. त्याच पुरुषाने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 मध्ये छापून निघाले. आणि त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राचोल येथे छापले गेले. आपल्या भाषा त्यांच्या रक्तात नव्हत्या. त्यांनी त्या शिकून घेतल्या, आणि शिकताना कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे हे त्यांसही पदोपदी विचारावे लागले असेल.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. मूल इंग्रजी वाक्यापाशी अडले तर त्यास ‘जमत नाही’ असे म्हणू नका. ते वाक्य मराठीत सांगावयास लावा, आणि मग आपल्या रोजच्या भाषेत विचारा, “अरे, पण परत येत होता कोण?” हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावे लागत नाही. उत्तर शोधताना मूल पुन्हा त्या वाक्याकडे पाहील आणि चूक त्याची त्यास दिसेल.