अर्जुनाची साल, ज्येष्ठमध आणि थकवा

हृदयाचं पंपिंग थोडं कमी झालेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याची तक्रार छातीत दुखण्याची क्वचितच असते. बसल्या जागी त्याला काही होत नाही. अंघोळ करून आलं की मात्र परत आडवं व्हावंसं वाटतं. गोळ्या चालू असतात, पायावरची सूज उतरलेली असते, तरी थकवा हटत नाही. मग कुणीतरी अर्जुनाची साल सुचवतं.

सुचवणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. विल्यम विदरिंगचं फॉक्सग्लोव्हवरचं पुस्तक १७८५ साली निघालं, आणि त्या झाडाच्या भावंडापासून काढलेलं डिगॉक्सिन आम्ही हृदयासाठी आजही लिहून देतो. युरोपात हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या पानाफुलांचा अर्क हृदयासाठी वापरतात. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात त्याने धाप आणि थकवा कमी झाल्याचं दिसलं. पण त्याच वर्षी छापलेल्या २,६८१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दोन वर्षं अर्क घेऊनही मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या वाऱ्या यांत ठळक फरक पडला नाही. अर्जुनाचंही साधारण तसंच. दिल्लीच्या एम्समध्ये शंभर रुग्णांवर सालीच्या अर्काची बारा आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. काहींना बरं वाटलं, पंपिंगचा आकडा मात्र हलला नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: साल घ्यायची तर गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी कदापि नाही. गोळ्या बंद करून काढ्यावर राहिलेला पेशंट फुप्फुसात पाणी भरून मध्यरात्री येतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

मला खरी धास्ती ज्येष्ठमधाची. एका मावशींनी काढ्याची पुडी माझ्या टेबलावर उलटी केली. सालीच्या तांबूस तुकड्यांत पिवळसर, धागेदार कांड्या होत्या. खोकल्यासाठी घातल्या, म्हणाल्या. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि लघवीतून पोटॅशियम जातं. सूज वाढते, रक्तदाब चढतो, आणि डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम उतरल्यावर नेहमीचा डोसही विषारी ठरू शकतो. उलट पोटॅशियम धरून ठेवणारं स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ताकदीसाठी रोज शहाळी प्यायली, तर पोटॅशियम चढायची भीती. मधुमेह असेल तर अर्जुनारिष्टातला गूळही हिशेबात धरावा लागतो.

मावशींच्या थकव्याचं कारण पुडीत नव्हतंच. हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून लोहाकडे कुणी पाहिलं नव्हतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन निघालं ३८. पंपिंग कमी असताना शंभराच्या खाली म्हणजे लोह कमी. हे दुखणं अतिशय सामान्य आहे आणि फार वेळा नजरेतून सुटतं, याची मला मनापासून चीड येते. २००९ च्या ४५९ रुग्णांच्या चाचणीत शिरेतून लोह दिल्यावर रुग्णांना स्पष्ट आराम पडला आणि त्यांचं चालणं सुधारलं. २०१७ च्या चाचणीत लोहाच्या गोळ्यांनी तसं काही साधलं नाही. त्यामुळे पालक, बीट, खजूर खुशाल खा. पण पंपिंग कमी असलेल्याची ही तूट ताटातून भरून निघेल, या भरवशावर राहू नका. थायरॉइड, अपुरी झोप, बीटाब्लॉकरचा नुकताच वाढवलेला डोस, हेही तपासायलाच हवं.

मावशींना सलाइनमधून लोह दिलं. दीड महिन्यात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या लेकीकडे न थांबता चढून जाऊ लागल्या. सकाळी दुधात उकळलेली अर्जुनाची साल त्या अजून घेतात, ती मी थांबवली नाही. ज्येष्ठमध तेवढं बंद केलं आणि दर तीन महिन्यांनी पोटॅशियम तपासायला लिहून दिलं.