शिंब्याचे पॅड आणि माझी चटई



दोन महिने काही लिहिणे झाले नाही. घरात एक लेकरू आले आहे, चार पायांचे. आषाढात भर पावसात नातू शाळेतून येताना शर्टाच्या आत घालून घेऊन आला. आई गाडीखाली गेलेली, भावंडांचा पत्ता नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितले, सात आठवड्यांचे असेल. नातवाने नाव ठेवले सिंबा. माझ्या तोंडी ते शिंब्या झाले.

कुत्रे घरात ठेवावे की नाही, त्याला काय खायला घालावे, यावर आमच्या स्वाध्यायाच्या बायकांत बरीच चर्चा झाली. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी. आज फक्त त्याच्या शी-शूचे लिहिते. हसू नका. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, त्यात देवघर आणि सोवळ्याचे स्वयंपाकघर, आणि खाली जायला तीन मजले. यापुढे दुसरा प्रश्न मोठा नसतो.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत, इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचे नाही. पार्व्हो नावाचा रोग असतो, त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर लहान पिल्लू त्यातून सहसा वाचत नाही. शिवाय पावसाच्या साचलेल्या पाण्यातून दुसरे आजार. म्हणजे पूर्ण चातुर्मासाचा पहिला भाग घरातच. सूनबाईने लगेच ऑनलाइन पॅड मागवले. पन्नासचा गठ्ठा.

मी एक पॅड कात्रीने कापून पाहिले. वर मऊ कापडासारखा थर, मध्ये कापसासारखा लगदा, त्यात साखरेसारखे बारीक कण, आणि खाली प्लॅस्टिक. ते कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची जेली होते. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तेच. पाकिटावर लिहिलेले की दिवसभर ओल धरून ठेवते. मला तेच खटकले. आपण गाळलेले पाणीसुद्धा अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुन्हा गाळतो, आणि इथे दिवसभराची ओल घराच्या कोपऱ्यात साठवून ठेवायची सोय विकत घ्यायची? म्हणून मी प्रत्येक वेळी पॅड बदलायचे ठरवले. बी.कॉम. झालेली बाई हिशेब करणारच. दिवसाला आठ वेळा, एक पॅड वीस रुपयांचे, म्हणजे रोजचे एकशे साठ, महिन्याचे चार हजार आठशे. आमच्या ह्यांची गुडघ्याची आणि रक्तदाबाची औषधे त्याहून कमी किमतीत येतात. आणि ती आठ प्लॅस्टिकची गाठोडी रोज सकाळी कोण उचलणार, तर कचरा न्यायला येणारी बाई. तिच्या हातात ती पिशवी देताना मला दारात उभे राहवत नसे.

तरी पंधरा दिवस पॅड वापरलेच. पिल्लाला काय कळते? त्याला एवढेच कळले की पायाखाली मऊ लागले की मोकळे व्हायचे. पायपुसणे मऊ, ह्यांच्या पलंगाखालची सतरंजी मऊ. एके दिवशी संध्याकाळी सामायिकाला बसायचे म्हणून मी माझी चटई अंथरली, वर शुद्ध सुती आसन घातले आणि हात धुवायला गेले. परत येते तो शिंब्या आसनावर मधोमध बसून, तोंड वर करून, निवांत.

माझ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी होती. मी मारली. एकदा नाही, तीनदा. तो ओरडला नाही, नुसता जमिनीला चिकटला.

त्यानंतर चार दिवस तो पॅडवर गेलाच नाही. सोफ्याच्या मागे, कपाटाच्या फटीत, मी दिसणार नाही तिथे जाऊन करायचा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “काकी, त्याला आसन आणि पॅड यातला फरक कळलेला नाही. तुमच्यासमोर केले की मार बसतो, एवढेच त्याला कळले आहे.” शेजारच्या वहिनींनी सल्ला दिला, संध्याकाळपासून पाणी बंद करा, म्हणजे रात्री होणार नाही. दुसरीने सांगितले, बाल्कनीत बांधून ठेवा, आपोआप शिकेल. दोघींचाही हेतू वाईट नव्हता, आणि खोटे कशाला बोलू, एक रात्र मी पाण्याचे भांडे उचलूनही ठेवले होते.

पाठशाळेत मुलांना अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मी स्वतः शिकवलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, जास्त ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. शिकवताना मी नेहमी बैलगाडीचे उदाहरण द्यायची, कारण घरात आपण कोणाला बांधतो, कोणाला मारतो? प्रतिक्रमण करताना त्या रात्री या जागेवर आले आणि थांबले. एक मारून झाले होते, एक भांडे उचलून झाले होते, आणि बांधायला दोरी शोधत होते. पंधरा दिवसांत, दीड किलोच्या जिवासाठी.

दुसऱ्या दिवशी मी एक वही काढली आणि कीर्द लिहायला बसले. कॉलेजात शिकलेली कीर्द चाळीस वर्षांनी अशी उपयोगी पडली. किती वाजता उठला, किती वाजता खाल्ले, किती वेळ खेळला, केव्हा केली, कुठे केली. चार दिवसांत हिशेब जुळला. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तो दहा मिनिटांच्या आत करतोच. जागेपणी तीन तासांच्या वर त्याला धरवत नाही, त्या वयात ते शक्यच नसते. आणि घरात चुकीच्या जागी झालेली प्रत्येक नोंद दोनच वेळांची निघाली. सकाळी सात ते आठ, डब्यांच्या घाईत, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकायची असतात तेव्हा. म्हणजे ज्या वेळी माझे त्याच्याकडे लक्ष नव्हते. शास्त्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितलाय, तो इथे तारीखवार लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात.

मग वेळापत्रक बदलले. सकाळचे सात नातवाकडे, संध्याकाळची जबाबदारी ह्यांच्याकडे. मऊ पॅडऐवजी बाल्कनीत कडेचा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवला आणि त्यात रद्दी वर्तमानपत्र. कागद पायाला मऊ लागत नाही, त्यामुळे सतरंजीशी गल्लत होत नाही. कागदही सरसकट घ्यायचे नाहीत बरे का. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात महाराजांचे फोटो, जिनबिंबाचे फोटो, पंचकल्याणकाच्या जाहिराती येतात. ती पाने आधी वेगळी काढायची. त्याने ट्रेमध्ये केली की लगेच शेंगदाण्याचा दाणा आणि कौतुक. चुकीच्या जागी केली तर काही बोलायचे नाही, पुसून घ्यायचे. पुसायला फिनेल वापरू नका. पिल्लू पाय चाटते, ते पोटात जाते. मी गरम पाणी आणि खायचा सोडा वापरला. वास गेला नाही तर ते पुन्हा तिथेच जाते, म्हणून दोनदा पुसायचे.

पॅड पूर्ण बंद केले नाहीत. रात्री दहानंतर एक घालत असे, कारण रात्री दोन वाजता उठून ट्रेपर्यंत नेणे माझ्याच्याने होईना. तेही कडा ट्रेखाली दाबून, कारण एकदा त्याने कोपरा फाडून तोंडात धरला होता. तो लगदा गिळला तर आतड्यात फुगून अडकतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरात पिल्लू आणि पॅड दोन्ही असतील तर एवढे नक्की लक्षात ठेवा.

शेवटची लस दशलक्षणाच्या चार दिवस आधी झाली. आता खाली न्यायचे, तर कुठे? इमारतीमागे सगळीकडे ओले गवत, भिंतीवर शेवाळ, गांडुळे, गोगलगाई. मुनी महाराज उत्सर्ग समितीत निर्जंतुक, कोरडी जागा बघून मगच मलमूत्र विसर्जित करतात. पिल्लाची त्यांच्याशी तुलना करायची नाही, पण छत्री घेऊन कोरडी जागा शोधत मी वॉचमनच्या खोलीमागे फिरत होते तेव्हा ती समिती मला पहिल्यांदा पुस्तकाबाहेर कळली. पत्र्याच्या शेडखाली मुरुमाचा एक पट्टा सापडला. वापरलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा दोन दिवस तिथे नेऊन ठेवला, त्या वासाने तिसऱ्या दिवशी त्याने तिथे केली. शी मी कागदात उचलून आणते. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही आणि हे! काय करणार, माझ्या नजरेसमोर त्यावर माश्या बसू द्यायच्या का?

रात्रीच्या फेरीला हे टॉर्च घेऊन जातात. पायाखाली बघत, गुडघा धरत, कुरकुरत.

थोडे पॅड उरलेत. वहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना द्यायला आज नातवाला पाठवले. संध्याकाळी मी चटई अंथरते तेव्हा शिंब्या उंबऱ्याबाहेर बसतो, आत येत नाही. हाक मारली तर शेपूट हलवतो, पण तिथूनच. क्षमावणीला घरातल्या सगळ्यांची क्षमा मागितली, त्याच्यापुढेही हात जोडले. नातू हसला. आसन मात्र मी अजून कपाटावरच ठेवते.