दाखला नसला तरी

निवासी शाळेत अनेक वर्षे अध्यापन करताना आम्हांस एक वाक्य वारंवार ऐकावे लागले आहे. घरच्या अडचणीपायी दहावीपूर्वीच शाळा सुटलेला मुलगा विशीत भेटतो आणि म्हणतो, "सर, आता शिष्यवृत्ती आमच्या नशिबी नाही." हा समज समाजाने मुळापासून तपासला पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली ती त्यानंतर, महाविद्यालयीन शिक्षणासाठी. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या योजनेने आमच्या कित्येक पिढ्या महाविद्यालयात पोहोचवल्या. मात्र तिचे दार मॅट्रिकच्या पलीकडे आहे. अलीकडे नववी-दहावीसाठीही शिष्यवृत्ती मिळते, पण ती शाळेत नियमित शिकणाऱ्यास. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले मूल या दोहोंच्या मधल्या दरीत पडते.

ही दरी ओलांडता येते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीची परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीसाठी नाव नोंदवता येते, मराठी माध्यमही मिळते. तेथे पाच वर्षांच्या अवधीत एकेक विषय उत्तीर्ण होत जाण्याची मुभा आहे. म्हणून मजुरी सांभाळून शिकणाऱ्यास हा मार्ग विशेष सोयीचा.

मान्यताप्राप्त मंडळाचे हे प्रमाणपत्र हाती आले, की महाविद्यालयात प्रवेश घेऊन 'महाडीबीटी'वर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. जातीचा दाखला, अडीच लाखांच्या मर्यादेतील कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका जोडावी लागते. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. खंड पडणे हा अपराध नव्हे. तो कागदावर नीट मांडायचा असतो, एवढेच.

प्रश्न उरतो तो दारापर्यंत पोहोचण्याच्या खर्चाचा. परीक्षेचे शुल्क, पुस्तके, परीक्षेच्या काळात बुडणारी मजुरी, यांसाठी कोणतीही मॅट्रिकोत्तर योजना धावून येत नाही. तेथे समाजानेच उभे राहावयास हवे. याच शिष्यवृत्तीवर शिकून आज नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे : आपल्या वस्तीतील शाळा सुटलेले एक मूल शोधावे, त्याचा अर्ज भरावा, शुल्क द्यावे आणि निकाल लागेपर्यंत त्याची विचारपूस करावी. पालकांनीही मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे कागद आणि जन्मनोंद जपून ठेवावी. शाळा सुटली तरी हे कागद पुढे उपयोगी पडतात.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश वयाची अट घालून दिलेला नाही.