डॉगटाउनमधले तीन पट्टे

मुलांनो, अमेरिकेच्या नकाशात युटा हे राज्य शोधा. त्याच्या अगदी तळाशी, ॲरिझोनाच्या सीमेला चिकटून, कनाब नावाचं एक चिमुकलं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. लास व्हेगासहून मोटारीने निघालं, की सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता वाळवंटातून आणि खडकांतून वळणं घेत इथे पोचतो. एका अंगाला झायन, दुसऱ्या अंगाला ब्राइस कॅन्यन आणि दक्षिणेला ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ. त्यामुळे प्रवासी इथे रात्रीपुरते टेकतात आणि सकाळी पुढे पळतात.

आपण मात्र पळायचं नाही बरं का! गावाच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर एंजल कॅन्यन लागतं. दोन्हीकडे तांबड्या वालुकाश्माचे उंच कडे. ऊन फिरेल तसा त्यांचा रंगही फिरतो. सकाळी गुलाबी, दुपारी विटकरी, संध्याकाळी निखाऱ्यासारखा. मधूनमधून जुनिपरची बुटकी झाडं. जागा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर आहे, म्हणून वाळवंट असूनही थंडीत इथे बर्फ पडतं.

या दरीत १९८४ सालापासून सोडून दिलेल्या, जखमी आणि छळ झालेल्या प्राण्यांचं एक आश्रयस्थान आहे. त्याचं नाव ‘बेस्ट फ्रेंड्स’. कुत्री, मांजरं, घोडे, डुकरं, ससे, पोपट असे दीड हजारांच्या आसपास प्राणी इथे राहतात. कुत्र्यांच्या वस्तीला म्हणतात डॉगटाउन, म्हणजे कुत्र्यांचं गाव! आधी नाव नोंदवलं, तर पाहुण्यांना ते हिंडून पाहता येतं.

इथे शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ते गळ्यातले पट्टे. ते नुसते शोभेचे नाहीत. हिरवा पट्टा म्हणजे ‘माझ्याजवळ कुणीही या’. जांभळा म्हणजे ‘फक्त मोठी माणसं’. आणि लाल म्हणजे ‘इथले शिकलेले कार्यकर्ते सोडून कुणीही हात लावू नका’. रस्त्यावरच्या सिग्नलसारखंच की नाही!

तुम्ही म्हणाल, लाल पट्ट्याची कुत्री दुष्ट असतील. इथली माणसं तसं म्हणत नाहीत. ती विचारतात, ‘हे कुत्रं कशाला भितं?’ कारण कुत्रं चावतं ते बहुतेक वेळा भीतीपोटी. अंगावर येणारी वस्तू दूर जावी, एवढंच त्याला हवं असतं. आधी ते तोंड फिरवतं, जिभेने ओठ चाटतं, जांभई देतं, अंग ताठ करतं. मग गुरगुरतं. हे सगळं पाहूनही समोरचा मागे हटला नाही, तर शेवटी दात. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधी मारायचं नाही. मारलं तर ते गुरगुरणं सोडतं, भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी ते इशारा न देताच चावतं.

आता सगळ्यात अवघड विद्यार्थी घेऊ : बहिरं कुत्रं.

जन्मतः बहिरी असलेली पुष्कळ कुत्री पांढरी किंवा पांढऱ्या ठिपक्यांची असतात. याचं कारण मोठं गमतीचं आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही असतात आणि तिथे त्या ऐकण्याच्या यंत्राला मदत करतात. त्या नसल्या, तर पिल्लाच्या कानातल्या नाजूक पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मरून जातात. डाल्मेशियन जातीत तर शंभरातली तीसेक कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघतात. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं, की डोक्याला बारीक तारा लावून, कानात टक्‌टक्‌ आवाज सोडून, मेंदूपर्यंत काही पोचतं का हे यंत्रावर पाहता येतं.

बहिरेपणामुळे कुत्रं आपोआप तापट होत नाही. पण विचार करा. तुम्ही गाढ झोपला आहात, पावलांचा आवाज येत नाही, दार वाजत नाही आणि एकदम कुणीतरी पाठीवर हात ठेवला! तुम्ही दचकाल. कुत्रंही दचकतं आणि दचकता दचकता तोंड घालतं. लोक ओरडतात, ते त्याला ऐकूच येत नाही. मग कुणी काठी घेतं. हात दिसला की मार बसतो, एवढंच ते शिकतं. अशा कुत्र्याला घरोघरी ‘पिसाळलेलं’ ठरवून हाकलतात. परदेशात तर कित्येक वर्षं बहिऱ्या पिल्लांना जन्मल्यावर लगेच मारून टाकावं, असा सल्ला पैदास करणारे देत असत.

मग याला शिकवायचं कसं? पहिले काही दिवस काहीच शिकवायचं नाही. एक शांत कोपरा, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेली माणसं. माणूस नुसता जवळ बसून राहतो, अंगावर वाकत नाही, डोळ्यांत रोखून पाहत नाही. कुत्रं आपणहून येईल तेव्हा खरं.

त्यानंतर स्पर्शाचा धडा. कुत्रं जागं असताना, त्याला दिसेल असा हात नेऊन खांद्याला हलकेच बोट लावायचं आणि त्याच क्षणी खाऊचा तुकडा द्यायचा. बोट आणि खाऊ, बोट आणि खाऊ. दिवसातून अनेकदा, पण एका वेळी दोन-चार मिनिटंच. आठवड्यांमागून आठवडे गेले, की पाठीमागून बोट लागलं तरी कुत्रं खाऊच्या आशेने मान वळवतं. जो स्पर्श धोक्याचा होता, तो आनंदाची बातमी होतो! झोपलेलं असेल तर मात्र हात लावायचाच नाही. जमिनीवर जरा दूर पाय आपटायचा, किंवा नाकासमोर तळहात धरायचा. वास आला की ते शांतपणे डोळे उघडतं.

पुढे भाषा. अंगठा वर केला की ‘शाब्बास’, तळहात पुढे केला की ‘थांब’. अंगणात अंधार असेल तर विजेरीची उघडझाप म्हणजे ‘घरी ये’. कुत्री मुळातच आपल्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे पाहत असतात, म्हणून ही खुणांची भाषा ती झटपट उचलतात. रस्त्यावर मात्र दोरी कायम हवी, कारण मोटारीचा भोंगा त्याला ऐकू येत नाही. भीती फार असेल तर तोंडाला जाळीदार टोपली बांधतात. तिच्यातून पाणी पिता येतं, धापाही टाकता येतात. ती शिक्षा नव्हे. तीही खाऊ दाखवत हळूहळू अंगवळणी पाडायची असते.

हा सगळा खटाटोप खरंच उपयोगी पडतो का? या प्रश्नाची मोठी परीक्षा याच दरीत झाली. २००७ साली व्हर्जिनिया राज्यात मायकल विक या प्रसिद्ध फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेवर पोलिसांना झुंजीसाठी पाळलेली पन्नासच्या वर कुत्री सापडली. विकला तुरुंगवास झाला. पण कुत्र्यांचं काय? ‘ही सुधारायची नाहीत, मारून टाका’ असं प्राणिप्रेमी संस्थांमधलेही काही जण म्हणाले. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करायला लावली आणि त्यांच्या पालनपोषणासाठी विककडून नऊ लाख डॉलर्सहून अधिक रक्कम घेतली. ती कुत्री बहिरी नव्हती, पण माणसाच्या हाताला घाबरणारी होती.

त्यातली सगळ्यात अवघड बावीस कुत्री २००८च्या जानेवारीत कनाबला आली. गंमत अशी, की झुंजार म्हणून गाजलेली यातली कितीतरी कुत्री माणूस दिसताच जमिनीला चपटी होऊन पडायची! कार्यकर्ते तासन्‌तास त्यांच्याजवळ बसून राहिले. प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक ठेवलं. त्यात रोज गुण : आज भीती किती, धीटपणा किती, मजा किती. घरी पाठवण्याआधी परीक्षाही होती. अनोळखी माणसाने हात लावू देणं, गर्दीतून शांत चालणं, दुसरं कुत्रं दिसलं तरी न भांडणं, असे तिचे दहा भाग. चेरी नावाचं कुत्रं आधी चालायलाही भ्यायचं. ते पुढे एका कुटुंबात जाऊन मजेत राहिलं. आणखीही कितीतरी जणांना घरं मिळाली.

आणि सगळेच काही पास झाले नाहीत. लुकास हा झुंजींमधला विजेता. माणसांशी तो फार प्रेमळ होता, पण त्याने ही जागा कधीही सोडू नये, असा न्यायालयाचा हुकूम होता. २०१३ साली तो वारला, तोपर्यंत इथेच राहिला. मेरिल नावाच्या कुत्रीलाही असाच हुकूम होता, कारण अनोळखी माणसांवर तिचा विश्वास बसेना. तरी दोघांनाही रोजचं फिरणं, खेळणी आणि ओळखीची माणसं मिळाली. हिरवा पट्टा मिळाला नाही, म्हणजे जगणं फुकट गेलं असं या गावात मानत नाहीत. आई-बाबांनो, ही गोष्ट आपल्या घरातल्या प्रगतिपुस्तकांनाही लागू आहे, नाही का?

आता आपल्या गल्लीत येऊ. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे नाहीत, म्हणून ते मनातल्या मनात आपणच घालायचे. अनोळखी कुत्रं म्हणजे लाल पट्टा. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ते अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. चावलंच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रागावतील म्हणून लपवायचं मुळीच नाही.

आणि एखादं कुत्रं हाक मारूनही वळत नसेल, तर त्याला आगाऊ म्हणण्याआधी दुरूनच एक टाळी वाजवून बघा. कान हलला नाही, तर समोरून दिसाल असे जा, थोडं लांबच थांबा आणि मोठ्यांना सांगा, की त्याला ऐकू येत नसावं. गल्लीतल्या सगळ्यांना ते कळलं, तर निदान पाठीमागून त्याला कुणी दचकवणार नाही.