आजोबांचा आवाज

‘बाबा, आजोबा असे नव्हते बोलत!’ मागच्या सीटवरून चिरंजीवांनी जाहीर केलं आणि माझ्या दिवसभराच्या पराक्रमावर पाणी पडलं.

त्याचं असं झालं. आमची गाडी म्हणजे सोळा वर्षांची कॉम्बी. गेल्या हिवाळ्यात पुढच्या उजव्या दारातला स्पीकर आधी खरखरला, मग रुसला. दार अर्धं उघडलं की गायचा, लावलं की गप्प! गॅरेजवाल्याने 250 युरो सांगितले. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘त्यापेक्षा गाडीच बदलू या.’

पण त्या गाडीत आमचा एक ठेवा आहे. माझे वडील मिरजेहून नातवासाठी फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायचे. 2021 साली ते गेले. श्टुटगार्टहून म्युनिकला जाताना ए-8 महामार्गावर आम्ही त्याच गोष्टी लावतो. शाळेत दिवसभर जर्मन बोलणाऱ्या आमच्या मुलाचं मराठी बरंचसं त्या गोष्टींवर उभं आहे.

तेव्हा ठरवलं, आपणच करायचं. आता तुम्ही म्हणाल, आयटीवाल्याचा तारांशी काय संबंध? पण लहानपणी बाबा ट्रान्झिस्टर उघडून बसायचे तेव्हा टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असे. आता टॉर्च मुलाच्या हातात दिला.

आधी बॅटरीची तार काढली, कारण त्याच दारातून एअरबॅगच्याही तारा जातात. मग दाराचं आतलं कव्हर उघडलं. दोन क्लिपा तुटल्या; तो आमचा नैवेद्य. पाणी अडवणारं प्लास्टिक हळूच सोडवलं. रोग सापडला तो दार आणि गाडी यांच्यामधल्या, हत्तीच्या सोंडेसारख्या रबरी नळीत. सोळा वर्षं दार उघडझाप करून तार आतल्या आत तुटली होती.

त्या सोंडेतून नवी तार ओवणं म्हणजे संयमाची परीक्षा! शेवटी कपड्यांच्या हँगरची तार सरळ केली, भांडी घासायचा साबण लावला, तेव्हा कुठे ती पलीकडे निघाली. दार पूर्ण उघडलं तरी ताण पडू नये एवढी तार सैल ठेवली आणि खाली येणाऱ्या काचेत अडकू नये म्हणून बाजूला बांधली.

काम करता करता मुलाला सांगितलं, की पुढे ब्लाऊपुंक्ट नावाने गाजलेल्या बर्लिनच्या कंपनीने 1932 साली युरोपातला पहिला कार रेडिओ आणला. त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश होती! ब्लाऊपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. तपासून पास झालेल्या हेडफोनवर कंपनी तो लावायची, पुढे तेच नाव झालं.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. गाणी झकास वाजली. मग आजोबांची गोष्ट लावली आणि वरचं वाक्य ऐकू आलं. मला वाटलं, पोराचा हट्ट. पण कान देऊन ऐकलं, तर खरंच आवाज पोकळ येत होता. बाबांच्या आवाजातला खर्ज गायब!

घरी येऊन पुन्हा कव्हर काढलं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना टेकवला आणि मुलाला स्पीकरवर बोट ठेवायला सांगितलं. ‘हा बाहेर येतो, तो आत जातो!’ मी नव्या तारेचे प्लस-मायनस उलटे जोडले होते. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोन्हींतून सारखाच येणारा आवाज, विशेषतः खालचा सूर, एकमेकांना मारतो. तारा बदलल्या.

‘एक होता कावळा...’ बाबांचा भरदार आवाज गाडीभर घुमला. सौ. खिडकीबाहेर बघू लागल्या. मी काही बोललो नाही.

कव्हर बसवायच्या आधी मुलाने निळं स्केचपेन आणलं आणि स्पीकरच्या कडेला एक ठिपका काढला.

‘पास,’ तो म्हणाला. मराठीत नव्हे, जर्मनमध्ये. असू दे! आजोबांचा आवाज कसा होता, हे त्याच्या लक्षात आहे.