दहा सेकंदांचा अवधी

आमच्या मिशिगन विद्यापीठाचे ओहायो स्टेटशी असलेले अमेरिकन फुटबॉलमधील वैर जगजाहीर आहे. परंतु तिकडून येणारा पराभव परचक्र समजून सोसता तरी येतो. ईस्ट लॅन्सिंगचे मिशिगन स्टेट विद्यापीठ म्हणजे एकाच राज्याच्या खजिन्यावर पोसलेले भाऊबंद, आणि भाऊबंदकीतला पराजय सोमवारी सकाळी कचेरीत शेजारच्या मेजावर येऊन बसतो. १९५३ साली राज्यपालांनी या सामन्याच्या विजेत्यासाठी पॉल बन्यन या दंतकथेतील लाकूडतोड्याचा काष्ठपुतळा बहाल केला. २०१५ च्या आधी त्याच्यासाठी झालेल्या सात सामन्यांपैकी सहा मिशिगन स्टेटने जिंकले होते, यावरून आमची मनःस्थिती वाचकांनी ताडावी.

१७ ऑक्टोबर २०१५ रोजी मात्र दिवस पालटल्याची आमची खातरजमा झाली होती. जिम हार्बॉ, जे विद्यार्थिदशेत याच संघाकडून खेळले, ते त्या हंगामात प्रशिक्षक म्हणून परतले होते. संपूर्ण सामन्यात स्टेटला एकदाही आघाडी मिळाली नव्हती. आणि २३–२१ अशा स्थितीत अवघे दहा सेकंद उरले असता चेंडू आमच्याच ताब्यात होता. चौथा आणि अखेरचा प्रयत्न असल्यामुळे चेंडू लाथेने दूर धाडून द्यावयाचा, एवढाच उपचार शिल्लक होता. माझ्या शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ तर कोटाची बटणे लावू लागले होते.

लाथ मारणारा ब्लेक ओनील हा ऑस्ट्रेलियन तरुण. त्याच पायाने त्याने त्याच दिवशी ८० यार्डांची लाथ हाणून आमची वाहवा मिळवली होती. स्टेटने चेंडू झेलण्यास मागे कोणालाही न ठेवता सारे बळ पुढे लोटले. चेंडू त्याच्याकडे खालून आला, हातातून निसटला, आणि तो उचलून कसाबसा धाडण्याच्या झटापटीत स्टेटच्या जॅलन वॉट्स-जॅक्सनच्या हाती अलगद पडला. तो ३८ यार्ड धावत गोलरेषेपलीकडे पोहोचला तेव्हा घड्याळात शून्य होते. फलक २७–२३ दाखवू लागला. लाखाहून अधिक माणसांचा तो समुदाय एकाएकी निःशब्द झाला. फक्त एका कोपऱ्यातून हिरव्या पोशाखातील पाहुण्यांचा जल्लोष स्पष्ट ऐकू येत होता. विजेत्या वीराच्या कमरेचे हाड त्याच धावेच्या अखेरीस मोडले, हे आम्हांस नंतर कळले. त्या क्षणी त्याच्याविषयी करुणा वाटण्याइतके औदार्य माझ्या ठायी नव्हते, हे नमूद करणे भाग आहे.

पराभवापेक्षा अधिक बोचले ते पुढे घडले. आमच्याच पक्षाच्या काही महाभागांनी ओनीलला अभद्र, धमकीवजा संदेश पाठवले, इतके की विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना जाहीर पत्र लिहून त्यांची कानउघाडणी करावी लागली. वस्तुतः प्रतिपक्षाने मागे माणूसच ठेवला नसताना आमचे दोन गडी दोन टोकांना मोकळे का धाडले, त्यांना ओनीलच्या रक्षणास जवळ का ठेवले नाही, हा जाब एका विद्यार्थ्याने द्यावयाचा नव्हता. डावपेचाची चूक सोडून चेंडूची चूक पकडणे हा प्रेक्षकांचा जुना शिरस्ता आहे आणि तो मला निंद्य वाटतो.

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी ईस्ट लॅन्सिंगला जाऊन मिशिगनने ३२–२३ असा विजय मिळवला आणि पुतळा परत आणला. ओनील त्या संघात नव्हता. त्याची खेळण्याची मुदत आधीच्याच हंगामात संपली होती.