शेपटीखालची गाठ

बैलगाडा शर्यतीच्या घाटात नाव होतं ते बैलांचं. गुलाल बैलांवर पडतो, मिरवणूक बैलांची निघते, फ्लेक्सवर फोटो लागतो तोही बैलांचाच. पण जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतला बैलगाडा घोडीशिवाय पळत नाही, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे एक घोडी आणि तिच्यावर मांड ठोकून बसलेला हलक्या अंगाचा एखादा पोरगा. अकरा-बारा सेकंदांत बारी संपते. निवेदकाचं 'भिर्रर्र' कर्ण्यातून विरायच्या आत घोडी घाटाचा माथा ओलांडून गेलेली असते, आणि लोकांचे डोळे असतात घड्याळावर.

या घोड्या आता म्हाताऱ्या होताहेत. हिशोब सोपा आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदी आली तेव्हा चार-पाच वर्षांची असलेली घोडी आज पंधराच्या पुढे गेली आहे. तिची उमेदीची वर्षं दावणीलाच गेली. काही गाडामालकांनी त्या काळात जनावरं विकून टाकली, काहींनी पोसली. ज्यांनी पोसली त्यांची घोडी पांढरी असेल, तर त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो आणि तो शर्यतीचा नसतो.

खरारा करताना किंवा धुताना शेपूट बाजूला घेतली की तो दिसतो. शेपटीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, जिथे केस नसतात तिथल्या काळ्याभोर कातडीत हरभऱ्याएवढी गाठ. दाबली तर टणक, वरून गुळगुळीत, चकाकणारी. घोडी हूं की चूं करत नाही. वर्ष-दोन वर्षांनी शेजारी दुसरी उठते. मग गुदद्वाराच्या कडेने ओळीने तीन-चार. कधी ओठाच्या आत, कधी कानाखाली गालफडाच्या मागे. मालक बोट फिरवून बघतो, शेजाऱ्याला दाखवतो, आणि शेजारी म्हणतो, ''वय झालं तिचं. राहू दे आता.''

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. अडचण एवढीच की तो बहुतेक वेळा चुकीच्या घोडीला दिला जातो.

पांढरी घोडी जन्मतः पांढरी नसते. शिंगरू काळं, तांबडं नाहीतर तपकिरी जन्मतं, आणि पुढच्या काही वर्षांत केस पांढरे पडत जातात. खालची कातडी काळीच राहते. स्वीडनमधल्या उप्सला इथल्या संशोधकांनी 2008 मध्ये त्यामागचा जनुकीय बदल शोधून काढला. एसटीएक्स 17 या जनुकातला एक तुकडा अशा घोड्यांमध्ये दोनदा आलेला असतो, आणि हा बदल जगभरच्या पांढऱ्या पडणाऱ्या घोड्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून उतरला आहे. केस अकाली पिकवणारा हा बदलच कातडीतल्या रंगपेशींना मोकाट वाढायला लावतो. त्यामुळे पंधरा वर्षांपुढच्या पांढऱ्या घोड्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांच्या अंगावर मेलॅनोमाच्या गाठी सापडतात. खंडोबाच्या तसबिरीत घोडा पांढरा, नवरदेवाला घोडी पांढरी, घाटात पुढे पळणारीही पांढरी असली तर लोकांच्या नजरेत भरते. ज्या रंगासाठी चार पैसे जास्त मोजले जातात तोच रंग ही गाठ घेऊन येतो. (गुलाबी कातडीचा नुकरा घोडा यात मोडत नाही. त्याचा वैरी म्हणजे ऊन. डोळ्याच्या कडेला त्याला वेगळ्या जातीचा कॅन्सर होतो आणि तो थांबून बघण्यातला नसतो.)

मेलॅनोमा हा शब्द मोबाइलवर शोधणारा मुलगा घाबरतो, कारण तिथे माणसांचा मेलॅनोमा निघतो आणि तो माणसाला झपाट्याने नेतो. घोड्यातला बहुधा संथ. दहा-दहा वर्षं गाठी घेऊन घोडी चरते, धावते, शिंगरं देते आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जाते. पण 'बहुधा' म्हणजे 'कायम' नाही. काही गाठी एकाएकी वाढतात, फुटतात, त्यातून काळा चिकट स्राव वाहू लागतो, माशा बसतात. काही आत पोटात, मणक्याजवळ पसरतात आणि घोडी मागच्या पायांनी लटपटू लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शेपटीखालच्या गाठी एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या तर लीद टाकताना तिला कुंथावं लागतं.

म्हणून इथे वयाचं गणित लोक लावतात त्याच्या उलट लागतं. आठ-दहा वर्षांच्या घोडीच्या शेपटीखाली हरभऱ्याएवढ्या दोन गाठी असतील तर ''लहान आहेत, राहू देत'' असं म्हटलं जातं. खरं तर काढायच्या त्या तेव्हाच. घोडी उभी असताना, गुंगीचं इंजेक्शन देऊन आणि तेवढीच जागा बधिर करून हे काम होतं. गाठ लिंबाएवढी झाली, चार गाठींची एक झाली, की काढल्यावर जखम झाकायला कातडीच उरत नाही. उलट चोवीस वर्षांच्या घोडीला तशाच गाठी आहेत, ती खाते, लीद नीट टाकते, तिची पाठ भरलेली आहे, तर तिला या घोळात ओढण्याचं काही कारण नाही. पूर्ण भूल देऊन घोडं आडवं पाडणं ही गोष्ट मुळातच जोखमीची असते. परदेशातल्या मोठ्या पाहण्यांमध्ये भुलेने दगावणाऱ्या घोड्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं आहे, आणि तेही सुसज्ज इस्पितळांत. भुलेतून उठताना धडपडून पाय मोडणं हे त्यातलं एक मोठं कारण. म्हाताऱ्या सांध्यांना तो उठण्याचा प्रसंगच भारी पडतो.

पण गाठ मेलॅनोमाचीच आहे, हे ठरवलं कुणी?

घोड्यांच्या कातडीवर जगभर सर्वांत जास्त आढळणारी गाठ ती नव्हेच. ती आहे सारकॉइड, आणि तिची गोष्ट या तीन तालुक्यांसाठी खास महत्त्वाची आहे. सारकॉइडचा संबंध गाईबैलांना चामखिळी आणणाऱ्या विषाणूशी आहे. कालवडीच्या मानेवर किंवा सडांवर मस उठतात, काही महिन्यांत वाळून गळून पडतात, कुणी त्याची दखलही घेत नाही. तोच विषाणू घोड्याच्या कातडीत शिरला की सहसा जात नाही. खरखरीत चट्टा, चामखीळ किंवा मांसल गोळा होऊन बसतो, काखेत, जांघेत, डोळ्याजवळ, जुन्या जखमेच्या वणावर. त्याच्या प्रसारात माशांचा हात असावा, असं मानलं जातं. आता बैलगाडावाल्याचा गोठा डोळ्यांसमोर आणावा. बैल आणि घोडी एकाच छपराखाली, एकाच गव्हाणीपाशी, आणि माशा दोघांच्याही. घोडीच्या सामानाने खरचटलेल्या जागी असली गाठ उठली, तर ती नवलाची बाब मानता येत नाही.

सारकॉइड शरीरात आत पसरत नाही, जीव घेत नाही. मात्र छेडलेलं त्याला खपत नाही. अर्धवट कापलं तर दुप्पट जोमाने परत येतं. गावाकडे चामखिळीवर दोरा आवळतात, डाग देतात, चुना-सोडा लावतात. माणसाच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची पद्धत तर ठाऊक आहेच. मग घोडीच्याच अंगावर चामखीळ आली की तिचाच केस तिला बांधला जातो. निष्कर्ष कडक वाटेल, पण सारकॉइडला एक तर नीट, तज्ज्ञाच्या हातून उपचार द्यावेत, नाहीतर हातच लावू नये. मधला मार्ग सगळ्यांत वाईट. नीट उपचार म्हणजे लेझरने किंवा गोठवून काढणं, माणसांच्या कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन थेट गाठीत टोचणं, काही ठिकाणी क्षयाची बीसीजी लस गाठीत देणं. डोळ्याभोवतीच्या सारकॉइडवर बीसीजी चांगली लागू पडते. सिस्प्लॅटिन टोचणाऱ्या माणसालाही घातक आहे, तेव्हा ते गोठ्यात करायचं काम नाही.

आणखी दोन नावं इथे घ्यायलाच हवीत, कारण ती गाठीचं सोंग आणतात. एक बरसाती. पावसाळ्यात चिघळणारी, भरून न येणारी जखम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेतले पशुवैद्य ही बुरशी, जंत की कॅन्सर यावर वाद घालत होते. त्यांतल्या बऱ्याच जखमा माशांनी आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्यांच्या असतात आणि जंतांच्या औषधाने बऱ्या होतात. दुसरं नाव ग्लँडर्स. पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी उठून फुटू लागल्या, नाकातून घट्ट स्राव येऊ लागला, तर तो हा रोग असू शकतो. तो माणसाला होतो. 2006 मध्ये तो महाराष्ट्रातच पुन्हा उफाळला होता. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात, आणि रोग ठरला की कायद्याप्रमाणे जनावर मारावंच लागतं. तिथे मालकाला निवड उरत नाही. म्हणूनच 'उपचार करायचे की नाही' याच्या आधीचा प्रश्न 'आहे काय हे' असा असतो, आणि त्याला उत्तर सुई टोचून किंवा तुकडा काढून तपासल्यावरच मिळतं.

ते तपासणार कोण? मंचर-नारायणगावचा पट्टा दुधाचा. इथल्या पशुवैद्याचा दिवस संकरित गाईंच्या रेतनात, विण्यात आणि कासदाहात जातो. घोडं त्याच्यापुढे क्वचित उभं राहतं. 2019 च्या पशुगणनेत देशभरात मिळून घोडे आणि तट्टू जेमतेम 3 लाख 40 हजार भरले, आधीच्या गणनेपेक्षा 45 टक्क्यांहून जास्त घट. जनावरच उरलं नाही तर त्याचा डॉक्टर कुठून उरणार? मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. जुन्नरहून म्हातारी घोडी पिकअपमध्ये उभी करून तिथवर नेणं हाच तिला अर्धा आजार. हे सगळं धरून, पैसा धरून, निर्णय घ्यायचा असतो. ''जिवापुढे पैशाचं काय'' असं म्हणणारा सहसा पेंढीचे पैसे देणारा नसतो. घरातल्या पोराची फी थांबवून म्हाताऱ्या घोडीची निरुपद्रवी गाठ काढणं यात मोठेपणा नाही, आणि न काढण्यात पापही नाही.

गाठ कुठे आहे यालाही तिच्या जातीइतकंच वजन आहे. या भागात दिवाळीनंतर मेंढरं घेऊन फिरणारे धनगर दिसतात. त्यांचं बिऱ्हाड तट्टांवर असतं: गोणी, भांडी, कोंबड्या, आणि वर नुकतं जन्मलेलं कोकरू. हे तट्टू म्हणजे भीमथडी; 2023 मध्ये त्याला देशी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. मराठ्यांच्या फौजेच्या संदर्भात घेतलं जाणारं नाव शेवटी टिकवलं ते मेंढपाळांनी. शेपटीखालची गाठ अशा तट्टाला जन्मभर अडत नाही. तीच गाठ ओझ्याच्या दोराखाली, छातीच्या पट्ट्याखाली असेल तर रोज सोलते, रोज रक्त येतं. तिथे वय वीस असलं तरी काहीतरी करावं लागतं. निदान त्याच्या पाठीवरचं ओझं तरी उतरवावं लागतं.

आणि गाठ काढताही येत नाही, सोसतही नाही, अशी वेळ आली तर? 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत तडफडत होतं. गांधीजींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याला संपवलं आणि 'नवजीवन'मध्ये तसं उघड लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी भूमिका सोडली नाही. आज पशुवैद्याच्या हातून असं मरण देता येतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे तो जनावर रस्त्यावर सोडून देणं, आणि घडतं नेमकं तेच. ''आपल्या हाताने कसं मारायचं'' म्हणून घोडी माळावर सोडली जाते. तिच्या फुटलेल्या गाठीत अळ्या पडतात, जुन्नरच्या उसातला बिबट्या बाकीचं काम करतो, आणि मालकाचे हात स्वच्छ राहतात. याला दया म्हणता येणार नाही.

तेव्हा ज्यांच्या दारात पांढरी घोडी आहे त्यांनी चैत्राच्या यात्रा सुरू व्हायच्या आधी एवढं करावं: शेपूट उचलून, ओठ उलटून, कानामागे हात फिरवून बघावं, गाठीशेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढावा, सहा महिन्यांनी पुन्हा तसाच काढावा. गाठ वाढलेली असो वा नसो, दोन्ही फोटो पशुवैद्याला दाखवावेत. दोरा, डाग, चुना काही करू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक 1962 आहे.